हातचा गळतो तेव्हा : दांड्याच्या हिशोबयंत्रातला थंडीत परतणारा दोष

३४८ गुणिले २७५ याचे उत्तर ९५,७०० आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी माझ्या दांड्याच्या हिशोबयंत्राने ते ९४,७०० असे दिले. तोच गुणाकार लगेच पुन्हा केला तेव्हा ९३,७०० आले. दुपारी जेवण करून परत बसलो आणि तोच गुणाकार केला, तेव्हा मधल्या काळात यंत्राला कोणी हातही लावलेला नसताना उत्तराच्या खिडक्यांत ९५,७०० हे बरोबर उत्तर आले. सलग तीन हिवाळे हा दोष आला, पहिल्या दोन्ही वेळा तेल घातल्यावर गेला आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हजर झाला. त्याचे मूळ शोधण्यात माझा जो वेळ गेला तो दुसऱ्या कोणाचा जाऊ नये, म्हणून निदानाची आणि दुरुस्तीची रीत येथे सविस्तर लिहीत आहे.

यंत्र आमच्या घरचेच आहे. सोलापुरात साखर पेठेत आजोबांची सुताची लहानशी पेढी होती आणि पूर्व भागातल्या मागवाल्यांचे उधारीचे हिशोब तिथे याच यंत्रावर होत असत. त्याची नामपट्टी केव्हाच गळून पडली आहे. मात्र घडण ओळखीची आहे : पुढच्या बाजूला वरखाली सरकणाऱ्या १० खुंट्या, उजव्या हाताला दांडा, आणि खाली डावीउजवीकडे सरकणारे कॅरेज. कॅरेजवर उजवीकडे उत्तराच्या १३ खिडक्या आणि डावीकडे फेऱ्या मोजणाऱ्या ८ खिडक्या आहेत. या जातीची यंत्रे ओड्नर पद्धतीची म्हणून ओळखली जातात. विल्गोट ओड्नर हा स्वीडिश अभियंता सेंट पीटर्सबर्गमध्ये नोबेल यांच्या कारखान्यात कामाला होता. १८७१ मध्ये थॉमस या फ्रेंच संशोधकाच्या बनावटीचे एक हिशोबयंत्र त्याच्याकडे दुरुस्तीला आले आणि हेच काम याहून सोप्या रचनेने करता येईल, असे त्याला वाटले. दुरुस्तीच्या टेबलावरच जन्मलेले हे यंत्र आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्याचे नियमित उत्पादन १८९० मध्ये सुरू झाले, १८९२ पासून तीच रचना जर्मनीत ब्रुन्सविगा या नावाने बनू लागली, आणि पुढे सोव्हिएत रशियात फेलिक्स नावाने. नाव कोणतेही असो, खाली सांगितलेले निदान या साऱ्या घराण्याला थोड्याफार फरकाने लागू पडते.

सर्वप्रथम चुकीच्या उत्तराकडे नीट पाहावे. जुन्या पेढ्यांवर दिवाणजींचा एक ठोकताळा असे : ताळेबंदात आलेल्या फरकाला ९ ने नि:शेष भाग गेला, तर बहुधा लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे चूक माणसाची. यंत्राच्या हातच्याची चूक वेगळी दिसते. बरोबर उत्तर आणि मिळालेले उत्तर यांतला फरक नेमका १०, १००, १,००० असा किंवा त्याची लहानशी पट येतो. माझ्या वरच्या उदाहरणात तो एकदा १,००० आणि एकदा २,००० होता. म्हणजे तिसऱ्या घराकडून चौथ्या घराला मिळायचा हातचा पहिल्या खेपेस एकदा आणि दुसऱ्या खेपेस दोनदा गळला. खुंट्यांवर २७५ लावून ८ फेरे, कॅरेज एक घर सरकवून ४ फेरे, पुन्हा सरकवून ३ फेरे, असे १५ फेरे फिरवताना तिसऱ्या घरातून चौथ्या घरात हातचा सहा वेळा जातो. कागदावर हे करून पाहिले तरच कळते की यंत्र सहापैकी पाच किंवा चार वेळा इमानाने वागले होते. पूर्ण मोडलेला भाग असे वागत नाही. असे वागतो तो अडखळणारा भाग.

फरक कमी आला की जास्त, हेही टिपून ठेवावे. बेरजेच्या दिशेने फिरवताना उत्तर कमी आले, तर हातचा देणारी पट्टी पुढे गेली नाही. उत्तर जास्त आले, तर ती पुढे जाऊन परत आली नाही आणि पुढच्या फेऱ्यात तिने नसलेला हातचा दिला.

आता जे दोष नाहीतच त्यांचा निकाल आधी लावून टाकू. दांडा मुळीच फिरत नसेल तर जोर लावू नये. कॅरेज दोन घरांच्या मध्ये राहिले असेल, किंवा शून्य करण्याची पंखांची चावी पूर्ण फेरा फिरून आपल्या जागी बसली नसेल, तर यंत्र दांडा मुद्दाम अडवते. फेऱ्यांच्या खिडक्यांत ९ नंतर १० येण्याऐवजी तांबडा ८ दिसू लागला, तर घाबरण्याचे कारण नाही, कारण अनेक जुन्या यंत्रांत त्या बाजूला हातच्याची सोयच केलेली नसते. काही लहान यंत्रांत उत्तराच्या अगदी डावीकडच्या घरांपर्यंतही हातचा पोचत नाही. ती रचनेतली काटकसर आहे, तिच्यावर इलाज नाही.

चालवणाऱ्याच्या हातचा एक दोष मात्र खरा आहे आणि तो मी स्वतः पुष्कळदा केला आहे. फेरा अर्धा झाल्यावर चूक लक्षात येते आणि हात आपोआप दांडा मागे फिरवतो. असे कधीही करू नये. अर्ध्या फेऱ्यात काही पट्ट्या पुढे ढकलल्या गेलेल्या असतात आणि त्यांना परत जागेवर आणणारा उंचवटा फेऱ्याच्या शेवटी येतो. तुम्ही मागे फिरलात तर त्या तशाच पुढे राहतात आणि पुढचा हिशोब जास्त येतो. सुरू केलेला फेरा पूर्ण करावा, दांड्याची खुंटी खालच्या खाचेत बसू द्यावी, आणि मग उलट्या दिशेने एक पूर्ण फेरा देऊन चूक वजा करावी. नंतरच्या काही यंत्रांत मध्येच उलटे फिरूच न देणारा खटका बसवलेला आहे. माझ्यात तो नाही.

हातचा यंत्रात कसा जातो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढचे सगळे सोपे होते. मागचे पत्र्याचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात मी हे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा अर्धा तास नुसता दांडाच फिरवत बसलो होतो. आतल्या रुळावर दहा चक्रे शेजारी शेजारी बसवलेली आहेत. खुंटी ७ वर नेली की त्या चक्राच्या परिघावर ७ पिना बाहेर येतात आणि दांडा फिरताना त्या उत्तराच्या चकतीला ७ घरे पुढे नेतात. चकती ९ वरून ० वर जाताना तिच्या अंगावरचा एक उंचवटा शेजारच्या पट्टीला रुळाच्या दिशेने ढकलतो. ही हालचाल जेमतेम तांदळाच्या दाण्याच्या लांबीची असते. पुढे आलेली पट्टी एका बारीक स्प्रिंगच्या दाबाने तिथेच थांबून राहते. मग रूळ आणखी थोडा फिरल्यावर डावीकडच्या चक्रावरची हातच्याची खास पिन तिच्यावर येऊन आदळते, बाजूला सरकते, आणि डावीकडच्या चकतीला एक घर पुढे नेते. बेरजेसाठी एक पिन असते आणि वजाबाकीसाठी दुसरी. पट्टी मात्र दोन्हींना एकच. या पिना जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकामागे एक, थोड्या थोड्या अंतराने बसवलेल्या असतात, म्हणून ९९९९ मध्ये १ मिळवला तर हातचा एकदम न जाता उजवीकडून डावीकडे टिकटिकत जातो. हळू फिरवले तर ते वेगवेगळे आवाज ऐकू येतात आणि कोणत्या घराचा आवाज मेला आहे हे कानालाही कळते.

हातच्याने सतावलेले आपण पहिले नाही. फ्रेंच गणिती पास्कलने १६४२ मध्ये यंत्र हाती घेतले, तेव्हा त्याने प्रत्येक घरासाठी एक वजन उचलून धरले आणि ९ वरून ० होताना ते खाली पडून शेजारच्या चाकाला ढकलेल अशी योजना केली. ती चालली, पण त्यामुळे चाके उलटी फिरवता येईनात आणि वजाबाकी आडमार्गाने करावी लागली. जर्मन गणिती लाइब्निझने १६७३ मध्ये लंडनमध्ये आपले यंत्र दाखवले, पण लांबवर जाणारा हातचा त्याच्याही यंत्रात काही वेळा हाताने पुरा करून द्यावा लागे.

आता चाचणी. उत्तराच्या साऱ्या खिडक्या शून्य कराव्यात, दहाही खुंट्या ९ वर न्याव्यात आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक फेरा द्यावा. दहा नऊ दिसतील. या फेऱ्यात हातचा कुठेच लागत नाही, म्हणून आजारी यंत्रही एवढे बरोबर करते. मग सर्व खुंट्या ० वर आणून फक्त उजवीकडची पहिली १ वर ठेवावी आणि एक फेरा द्यावा, तोही सावकाश. निरोगी यंत्रात अकराव्या खिडकीत १ आणि त्याच्या उजवीकडे दहा शून्ये दिसली पाहिजेत. माझ्या यंत्रात त्या सकाळी ९९९९९९९००० असे दिसले. उजवीकडून मोजत शेवटचे शून्य ज्या घरात आहे, त्या घराने पुढे हातचा दिलेला नाही. म्हणजे दोषी तिसरे घर. गुणाकारातला १,००० चा फरक हेच सांगत होता.

त्यानंतर उलट चाचणी करावी. सगळे शून्य करून, १ तसाच ठेवून, दांडा उलट्या दिशेने एक पूर्ण फेरा फिरवावा. शून्यातून एक वजा केल्यावर निरोगी यंत्रात तेराही खिडक्यांत ९ येतात आणि घंटा असेल तर ती वाजते. माझ्याकडे उजवीकडे फक्त तीन नऊ आले आणि बाकी शून्येच राहिली. येथे निदानाचा पहिला फाटा फुटतो. एकाच घरात बेरीज आणि वजाबाकी या दोन्ही अडत असतील, तर दोघींना समाईक असलेली पट्टी किंवा तिची स्प्रिंग संशयित आहे. फक्त बेरीज अडत असेल तर बेरजेची पिन, आणि फक्त वजाबाकी अडत असेल तर वजाबाकीची पिन पाहावी.

दुसरा फाटा कॅरेज सरकवून कळतो. पुन्हा दहा नऊ आणावेत, कॅरेज एक घर उजवीकडे न्यावे, आणि पहिल्या खुंटीवरच्या १ ने एक फेरा द्यावा. आता तो १ नसून १० मिळवला जातो. दोष कॅरेजमधल्या चकतीचा किंवा तिच्या पट्टीचा असेल, तर तो तिच्याबरोबर प्रवास करतो आणि उत्तर ९९९९९९९००९ असे, म्हणजे पुन्हा तिसऱ्याच घरापाशी अडलेले दिसते. दोष रुळावरच्या पिनेत असेल तर रूळ जागचा हलत नसल्याने उत्तर चौथ्या घरापाशी अडते आणि ९९९९९९०००९ दिसते. ज्यांच्या यंत्रात दुसरे उत्तर येईल त्यांचे काम अवघड आहे, कारण पिनेपर्यंत पोचायला रूळ बाहेर काढावा लागतो. सुदैवाने माझे उत्तर पहिले आले.

तीन चाचण्या, पाच फेरे आणि एक कागद. एवढ्यावर दोषाची जागा कळली होती. कारण कळले नव्हते. पट्टी मोडलेली असती तर दुपारी बरी झाली नसती. शहरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याने आधीच्या दोन हिवाळ्यांत प्रत्येकी एकदा मुबलक तेल सोडून यंत्र मला परत दिले होते आणि दोन्ही वेळा ते महिना-दीड महिना सुरळीत चालले होते. मीही तिसऱ्या वर्षी शिवणयंत्राचे तेल घालून तेच करणार होतो. त्या सुमारास थोरले काका घरी आले. पेढीवर शेवटची काही वर्षे हिशोबाला तेच बसत असत. मी तक्रार सांगितली, तर ते सहज म्हणाले, "अरे, थंडीत दिवाणजी याला आधी अर्धा तास ओट्यावर उन्हात ठेवायचे. त्याशिवाय हात लावायचे नाहीत."

मी विचारले, "काका, तेल कुठले घालायचात?"

"खोबरेल. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की आजी वाटीतले चार थेंब सोडायची. हळदकुंकूही व्हायचे."

सारा उलगडा या दोन वाक्यांत होता. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते, आणि सोलापूर उन्हाळ्यात चाळिशीच्या वर भाजून निघत असले तरी मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी इथला पारा २० च्या खाली उतरतो. आपण न्हाणीघरात तेलाची बाटली गरम पाण्यात धरतो, तीच अवस्था पट्टीच्या बिजागरीतल्या तेलाची होत होती. दुपारी खोली तापली की ते वितळे आणि यंत्र शहाण्यासारखे वागे. त्यात सुताच्या पेढीवरची लव. मागांच्या आणि सुताच्या परिसरात हवेतच कापसाचे तंतू तरंगत असतात, आणि तेलकट जागा मिळाली की ते तिथे वस्ती करतात. नवीन पातळ तेल घातले की जुना चिकटा काही दिवस सैल होई, म्हणून दुरुस्ती झाली असे वाटे. प्रत्यक्षात तो सैल चिकटा आणखी खोल फटींत उतरे, पातळ तेल हळूहळू कमी होई, नवी लव येऊन बसे आणि पुढच्या थंडीपर्यंत लगदा आधीपेक्षा घट्ट झालेला असे. म्हणजे दर वर्षीचा उपाय हाच दर वर्षीच्या आजाराची तयारी करत होता. कोणाच्या घरी करडईचे तेल वापरले गेले असेल तर त्याचा त्रास वेगळा : ते थंडीत गोठत नाही, पण हवेत वाळून लाखेसारखे चिकटते, आणि त्याला ऊन दाखवूनही उपयोग होत नाही.

सफाईसाठी यंत्र पूर्ण उघडण्याची गरज नाही आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने तसे करूही नये. मागचे झाकण काढावे आणि बाकी काहीही सोडवू नये. त्याचे चार स्क्रूही माझ्या यंत्रात दोन वेगवेगळ्या लांबींचे निघाले, म्हणून ते मी काढलेल्या क्रमाने इडलीपात्राच्या वाट्यांत ठेवले. दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढावा. स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसेल असाच पेचकस घ्यावा. अरुंद पेचकसाने खाच एकदा बिघडली की त्या स्क्रूपुढे पुढचा रविवार जातो.

चिकटा काढायला रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन मला सर्वांत सोयीचे वाटले. रॉकेलनेही काम होते, पण त्याचा तेलकटपणा मागे राहतो. थिनर चुकूनही वापरू नये, कारण तो चकत्यांवरचे आकडे धुऊन नेतो. टर्पेंटाइनही आकड्यांपासून लांबच ठेवावे. मी चकत्या आणि पट्ट्या यांच्या मधल्या फटीत जाड ब्लॉटिंग कागदाची पट्टी सरकवून ठेवली होती. काम उघड्यावर, सावलीत करावे आणि जवळपास शेगडी किंवा विडी नसावी. यंत्राखाली परात, परातीत जुने धोतराचे फडके.

सिरिंजने प्रत्येक पट्टीच्या बिजागरीवर दोन-तीन थेंब सोडावेत, पाच मिनिटे थांबावे, आणि मग बांबूच्या बारीक काडीने ती पट्टी वीस-पंचवीस वेळा पुढेमागे हलवावी. लोखंडी टोचणी वापरू नये, ती पितळेवर ओरखडे पाडते. माझ्या यंत्राच्या तिसऱ्या पट्टीखालून पहिल्या थेंबांबरोबर जे बाहेर आले, ते आधी काळे आणि मग चक्क तांबूस होते. कुंकू. त्या तांबूस लगद्यात सुताचे तंतू इतके गुंतलेले होते की चिमट्याने ओढले तर वातीसारखा एक पीळ निघाला. खाली पडणारा थेंब स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे लागते. तेरा पट्ट्यांना मला दोन दुपारी लागल्या. तक्रार एका घराची असली तरी सगळ्या पट्ट्या धुवाव्यात, कारण उरलेल्या बारा घरांत तेच तेल आणि तीच लव असते आणि पाळी फक्त पुढच्या वर्षीवर जाते. मऊ ब्रशने फटी झाडून, कॅमेऱ्याच्या हवेच्या फुग्याने फुंकर मारून यंत्र एक दिवस सावलीत वाळू द्यावे.

तेल घालण्याआधी कोरड्या यंत्रावर बेरजेची आणि वजाबाकीची अशा दोन्ही चाचण्या कराव्यात. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. कोरडे यंत्र बरोबर चालले तर दोष फक्त चिकट्याचा होता हे सिद्ध होते. कोरडेही अडले तर प्रश्न स्प्रिंगचा किंवा झिजेचा आहे आणि तेलाने तो फक्त झाकला जाईल. माझ्या यंत्रात बाकीची सारी घरे सुटली, पण तिसरे घर आठ-दहा वेळांतून एकदा तरीही अडले. टॉर्च लावून पाहिले तर पट्टी पुढे येत होती, पण तिथे टिकत नव्हती. पिन येण्याआधीच ती किंचित मागे सरकायची. तिला धरून ठेवणारी स्प्रिंग दमली होती. शेकड्याच्या घरातून हातचे सर्वांत जास्त जात असतील का, कोण जाणे, पण पेढीवरच्या वर्षांचा भार तिच्यावर दिसत होता.

येथे मी एक चूक केली. बॉलपेनची स्प्रिंग कापून तिच्या जागी बसवली. ती इतकी कडक निघाली की चकतीला पट्टी ढकलणेच जमेना, आणि चकती ९ आणि ० च्या मध्ये अडकून खिडकीत दोन्ही आकडे अर्धे अर्धे दिसू लागले. दांड्यावर जोर दिला असता तर दाताच तुटला असता. या स्प्रिंगचे काम पट्टीला जागेवर थोपवून धरण्यापुरतेच आहे, जोराने दाबण्याचे नाही, आणि दमलेली स्प्रिंग ओढून लांब केली तरी तिचा ताण चार दिवसांत पुन्हा उतरतो. तोडगा यंत्रातच होता. तेराव्या घराच्या डावीकडे घरच नसल्याने तिथली पट्टी फक्त घंटा वाजवते. तिची स्प्रिंग जवळजवळ कोरी होती. तेराव्याची तिसऱ्याला आणि तिसऱ्याची तेराव्याला अशी अदलाबदल केली. दोन्हींची लांबी आधी शेजारी ठेवून पाहावी. माझ्याकडे दमलेली स्प्रिंग नव्यापेक्षा स्पष्ट आखूड झालेली दिसली.

तेलाबद्दल माझे मत आता काहीसे कंजूषपणाचे झाले आहे. घड्याळजी वापरतात ते तेल, शिवणाच्या सुईच्या टोकावर येईल तेवढेच, मुख्य दांडीच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगना, दांड्याच्या खुंटीला, आणि पट्ट्यांच्या बिजागरींना. कॅरेजच्या रुळांवर तेलात बुडवून निपटलेले फडके एकदा फिरवले की पुरते. चकत्यांच्या दात्यांना आणि खुंट्यांच्या खाचांना काहीही लावू नये, तिथे लव आधी येते. काम झाल्यावर यंत्रावर कापड घालावे, आणि ते टॉवेलचे किंवा चादरीचे नसावे, हे सोलापुरात राहून लिहायला जरा अवघड वाटते. पण लव न सोडणारे जुने, धुवट मलमलच बरे. खंडेनवमीची पूजा घरी अजून होते. हळदकुंकू यंत्राच्या पुढे ठेवलेल्या पाटावर वाहतो, यंत्राला फक्त फूल.

चालवताना वेगाची हाव धरू नये. दांडा झपाट्याने फिरवला तर चकती आपल्या घराच्या पुढे झेपावते आणि चांगल्या यंत्रातही चूक येते. फेरे वाचवायचे असतील तर हात जलद करण्यापेक्षा रीत बदलावी : ९८ ने गुणताना १७ फेरे देण्याऐवजी कॅरेज शेकड्याला नेऊन एक सुलटा फेरा आणि एककाला आणून दोन उलटे फेरे द्यावेत. यात सुलटे आणि उलटे दोन्ही हातचे वापरले जातात, म्हणून दिवसाच्या सुरुवातीला असा एखादा गुणाकार केला की चाचणीही आपसूक होते. पेढीवर १९५७ च्या एप्रिलआधी, रुपये-आण्यांच्या काळात, ७ आण्यांसाठी खुंट्यांवर .४३७५ लावावे लागत असे. असल्या चार-चार घरांच्या अपूर्णांकांत एक गळलेला हातचा किती वेळ लपून राहत असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

गेल्या जानेवारीत, सोलापूरची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, एका पहाटे मुद्दाम सहाला उठून मी यंत्रावरचे कापड काढले आणि उन्हात न ठेवता थेट दोन्ही चाचण्या केल्या. पहिलीत अकराव्या घरात १ आणि दहा शून्ये आली. ३४८ गुणिले २७५ सलग पाच वेळा ९५,७०० आले. दुसरीत, शून्यातून एक वजा केल्यावर, तेरा नऊ ओळीने उभे राहिले. घंटा मात्र वाजली नाही, कारण दमलेली स्प्रिंग आता तिच्या वाट्याला आहे. म्हणून माझ्या यंत्रावर उत्तर शून्याखाली गेले का, हे कानाने न ठरवता डावीकडच्या खिडकीत ९ आला आहे का, ते पाहून ठरवावे लागते.